तार, परवाना आणि सीमा : बिदर-कलबुर्गी भागातील संपर्काचा इतिहास



विकाराबादहून परळीकडे निघालेली आगगाडी बिदर, भालकी, कमालनगर मागे टाकून उदगिरास पोहोचते. वाटेत राज्याची सीमा केव्हा ओलांडली, हे प्रवाशाच्या ध्यानातही येत नाही. शिवारातली तूर तीच, फलाटावर कानी पडणारी मराठीही तीच. दूरध्वनीला मात्र ही सीमा पक्की ठाऊक आहे. बिदरचा संकेतांक ०८४८२, तर उदगीरचा ०२३८५. एक क्रमांक कर्नाटक मंडळाचा, दुसरा महाराष्ट्र मंडळाचा.

१९५६ च्या ऑक्टोबरअखेर उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते मुंबई राज्यात गेले. बिदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात गेले. सोयरिकी आणि उधारीची खाती मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंस तशीच राहिली. तूर, मूग, उडदाच्या या मुलखात गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, ही डाळीची मोठी पेठ. तिथला भाव इथे केव्हा कळतो, यावर अडत्याचा नफा आणि शेतकऱ्याचा संसार अवलंबून असे.

त्या काळी हा भाव ट्रंक कॉलवर येई. केंद्रात नोंदणी करावी, साधा, अर्जंट की लाइटनिंग ते सांगावे आणि वाट पाहावी. ज्याच्या पेढीवर दूरध्वनी, त्याच्याच हाती भावाची बातमी. बाहेर गाडी लावून उभ्या असलेल्या शेतकऱ्याला पेढीवाला सांगेल तोच भाव खरा.

१९६० मध्ये कानपूर-लखनौ मार्गावर थेट दूरसंभाषण सुरू झाले. पण खेड्यांकडे ते यायला बराच काळ जावा लागला. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉटने उष्मा व धूळ सोसणारे, वातानुकूलनावाचून चालणारे १२८ जोडण्यांचे ग्रामीण केंद्र घडविले. त्यातले पहिले १९८६ मध्ये कर्नाटकातीलच कित्तूर येथे बसले. पुढे पिवळ्या पाटीचे एस.टी.डी. बूथ गावोगाव आले आणि शेतकऱ्यालाही चार पैसे मोजून भाव पडताळता येऊ लागला.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांस खुले केले. इंटरनेटवरील दूरध्वनीत आवाजाचे अंकांत रूपांतर होते. त्याचे लहान लहान तुकडे जाळ्यातून धावतात व पलीकडे पुन्हा जुळतात. त्यांना मैलांचे मोल नाही. मोल होते ते परवानगीचे. १९९९ च्या दूरसंचार धोरणाने अशा संभाषणास मज्जाव केला. १ एप्रिल २००२ पासून मुभा मिळाली, तीही अर्धी. संगणकावरून परदेशातील दूरध्वनीस बोलता येई. देशातील दूरध्वनीस नाही. म्हणजे भालकीच्या व्यापाऱ्याने आपल्या संगणकावरून शिकागोचा फोन वाजविणे कायदेशीर होते, उदगीरच्या भावाच्या दुकानातला वाजविणे नव्हते! १ मार्च २००६ रोजी सरकारी कंपन्यांनी देशभर मिनिटाला एक रुपया ही योजना आणली, तेव्हा अंतराचा भार उतरला. इंटरनेटवरून देशातील कोणत्याही क्रमांकाशी बोलण्याची वाट परवानाधारक कंपन्यांना २०१८ मध्ये मोकळी झाली.

आज डाळ गिरणीच्या मालकापुढे पर्याय अनेक आहेत. प्रकाशतंतूची जोडणी घेता येते, मोबाइलचे जाळे आहे, आणि इंटरनेटवर चालणारे खासगी केंद्र घेतले तर एकाच क्रमांकावर कलबुर्गीचे गोदाम व उदगीरची पेढी दोन्ही ठिकाणी घंटी वाजते. कर्नाटकाने २०१४ साली बाजार समित्या संगणकीय मंचावर जोडण्यास आरंभ केला, त्यामुळे लिलावाची बोलीही याच वाटेने येते. पण एक भान हवे. जुन्या तांब्याच्या तारेला केंद्रातूनच वीज मिळे. घरची बत्ती गेली तरी फोन जिवंत राही. नवा फोन विजेबरोबर मुका होतो. म्हणून बॅटरीची सोय आणि दुसऱ्या कंपनीची जोडणी ही चैन नव्हे. सुगीच्या दिवसांत ती गरज आहे.

या इतिहासातून एवढेच उमगते, की माणसांना दूर ठेवणारे अंतर पुष्कळदा जमिनीवर नसते, ते नियमांत असते. भालकी आणि उदगीर शेजारीच होती. त्यांना एकमेकांशी स्वस्तात बोलता यावे, यासाठी तारेइतकीच कायद्याचीही वाट पाहावी लागली. भाव विचारण्याचा अधिकार ज्याला मिळाला, त्याची मान बाजारात थोडी ताठ झाली. ती ताठ राहावी, हे पाहणे आता आपल्या हाती आहे.