तीन दिवसांत मोडलेला ३५ लाख डॉलरांचा सौदा

१/
१५ जून १९७६, कॅलिफोर्नियातील ओकलंड शहर. बेसबॉलमधील खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत त्या दिवशी संपत होती. बोस्टन रेड सॉक्स हा संघ ओकलंड अ‍ॅथलेटिक्सविरुद्धच्या सामन्यांसाठी तेथे आलेला होता. यजमान संघाचे दोन नामवंत खेळाडू, ज्यो रूडी आणि रॉली फिंगर्स, आपल्या खोलीतून निघून पाहुण्या संघाच्या खोलीत गेले आणि त्यांनी बोस्टनचा पोशाख अंगावर चढवला. संघमालकाने त्यांना प्रत्येकी १० लाख डॉलरांना विकले होते. तिसरा खेळाडू विडा ब्लू १५ लाखांना न्यूयॉर्क यांकीजला दिला होता.
तीन दिवसांनी तिघेही पुन्हा ओकलंडचे ठरले. बोस्टनच्या पोशाखात रूडी किंवा फिंगर्स एकदाही मैदानावर उतरले नाहीत.

२/
तारांकित खेळाडूचा करार संपत आला की त्याच्याशी नवा करार करावा, त्याला अदलाबदलीत द्यावे, की तो निघून जाईपर्यंत त्याच्याकडून खेळून घ्यावे? बेसबॉलच्या प्रत्येक हंगामात हा प्रश्न आज विचारला जातो. खेळाच्या प्रदीर्घ इतिहासात मात्र तो बराच उशिरा उद्भवला. त्याला जवळपास तारीखच देता येते: २३ डिसेंबर १९७५.

३/
त्यापूर्वी हा प्रश्न नव्हता, कारण खेळाडूला निघून जाण्याची वाटच नव्हती. १८७९ पासून मालकांनी 'रिझर्व्ह क्लॉज' नावाची तजवीज रूढ केली होती. करार संपला तरी मालकाला तो आणखी एका वर्षासाठी वाढवता येत असे. आणि त्या वाढीव वर्षानंतर पुन्हा एक वर्ष, मग पुन्हा एक, असा मालकांनी त्याचा अर्थ लावला होता. खेळाडूपुढे दोनच पर्याय उरत: त्याच मालकाकडे खेळणे, नाहीतर खेळ सोडणे. कर्ट फ्लड या खेळाडूने याविरुद्ध अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला. १९७२ मध्ये तो ५ विरुद्ध ३ मतांनी हरला.

४/
त्या काळी तारे विकले जात नव्हते असे नाही. विकायचे की नाही, हे एकटा मालक ठरवत असे. याचे सर्वांत ठळक उदाहरण याच अ‍ॅथलेटिक्स संघाचे आहे. तेव्हा तो फिलाडेल्फियात होता आणि त्याची सूत्रे कॉनी मॅककडे होती. १९१४ मध्ये लीगचे विजेतेपद मिळवलेला हा संघ अंतिम मालिकेत सलग चार सामने हरला. त्याच सुमारास फेडरल लीग नावाच्या प्रतिस्पर्धी संघटनेने खेळाडूंचे भाव चढवले होते. मॅकने एडी कॉलिन्सला ५० हजार डॉलरांना शिकागोला विकले. इतर काही फेडरल लीगकडे गेले, काही विकले गेले. १९१५ मध्ये संघाने ४३ सामने जिंकले आणि १०९ हरले. पुढच्या वर्षी ३६ विजय, ११७ पराभव. सलग सात हंगाम तो संघ तळाशी होता.

५/
तरी मॅक त्यातून उठला. १९२४ मध्ये त्याने बाल्टिमोरहून लेफ्टी ग्रोव्ह हा पिचर (क्रिकेटच्या भाषेत गोलंदाज म्हणावा असा) लाखाहून अधिक डॉलर मोजून आणला. १९२९ आणि १९३० ची जगज्जेतेपदे मिळवली. नंतर महामंदी आली, प्रेक्षक आटले, आणि मॅकने दुसऱ्यांदा दुकान आवरले: सिमन्स, ग्रोव्ह, कॉक्रेन, फॉक्स एकामागून एक विकले गेले. तेव्हा आयुक्ताचे पद अस्तित्वात होते. त्यावर लँडिससारखा कडक माणूस बसला होता. त्याने हे सौदे रोखले नाहीत. हे ध्यानात ठेवण्याजोगे, कारण ४० वर्षांनी नेमका हाच दाखला पुढे येणार होता.

६/
संघ १९५५ मध्ये कॅन्सस सिटीला गेला. १९६० च्या अखेरीस तो चार्ल्स फिनले या गृहस्थाने विकत घेतला आणि १९६८ मध्ये ओकलंडला नेला. फिनलेने विम्याच्या धंद्यात पैसा मिळवला होता. माणूस हरहुन्नरी, हट्टी आणि तितकाच चिक्कू. संघाला हिरवे-सोनेरी पोशाख त्याने दिले, मैदानात खेचर फिरवले, मिशा राखणाऱ्या खेळाडूंना ३०० डॉलर बक्षीस दिले. या गमतींमुळे त्याची खरी गुणवत्ता झाकली जाते. कोवळे खेळाडू हेरण्यात त्याची नजर विलक्षण होती. हंटर, रेजी जॅक्सन, ब्लू, फिंगर्स, रूडी हे सारे त्याच्याच छत्राखाली घडले. १९७२, १९७३, १९७४ अशी सलग तीन जगज्जेतेपदे या संघाने मिळवली.

७/
संघाची पडझड १९७६ च्या जूनमध्ये सुरू झाली असे सांगण्याची प्रथा आहे. ती खरे तर चार वर्षे आधीच सुरू झाली होती. १९७१ मध्ये २२ वर्षांच्या विडा ब्लूने लीगमधील सर्वोत्तम पिचरचा आणि सर्वोत्तम खेळाडूचा असे दोन्ही मान एकाच हंगामात पटकावले. त्याचा पगार १५ हजार डॉलरांच्या आतबाहेर होता. पुढच्या वर्षासाठी त्याने ९२,५०० मागितले. फिनले ५० हजारांवर अडून बसला. ब्लूने खेळ सोडून न्हाणीघराचे साहित्य बनवणाऱ्या कंपनीत नोकरी धरल्याचे जाहीर केले. अखेर ६३ हजारांवर तडजोड झाली, पण ब्लू मनाने संघातून गेला तो गेलाच. तेरा हजार डॉलर वाढवून फिनलेने काय गमावले, याचा हिशेब त्याच्या वहीत कोठेच नसावा.

८/
दुसरा प्रसंग तर नाटकात शोभावा असा. १९७४ च्या करारानुसार जिम 'कॅटफिश' हंटरच्या १ लाख डॉलरांपैकी ५० हजार एका विमा कंपनीत भरायचे होते. कराच्या दृष्टीने ते गैरसोयीचे आहे असे पाहून फिनलेने ते भरलेच नाहीत. विम्यावर श्रीमंत झालेल्या माणसाने विम्याचाच हप्ता चुकवावा! लवाद पीटर साइट्झने करारभंग मान्य करून हंटरला मोकळे केले. त्या हंगामात २५ सामने जिंकून देणारा हा पिचर ३१ डिसेंबरला यांकीजकडे गेला, पाच वर्षांच्या आणि ३० लाखांहून अधिक डॉलरांच्या कराराने. खुल्या बाजारात खेळाडूची किंमत काय असते, हे खेळाडूंना आणि मालकांना त्या दिवशी प्रथमच कळले.

९/
वर्षभराने त्याच साइट्झपुढे मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या दोन पिचरांचे प्रकरण आले. दोघे नव्या करारावर सही न करता १९७५ चा हंगाम खेळले होते. साइट्झने २३ डिसेंबरला निवाडा दिला: 'एक वर्ष' याचा अर्थ एकच वर्ष. मालकांनी त्याला तत्काळ लवादपदावरून दूर केले, पण न्यायालयांनी निवाडा कायम ठेवला. सही न करता १९७६ चा हंगाम खेळणारा खेळाडू हंगामाअखेर 'फ्री एजंट' होणार, हे स्पष्ट झाले. ओकलंडचे बहुतेक मोठे खेळाडू नेमके सही न केलेले होते.

१०/
आता फिनलेपुढे तीन दारे होती. पहिले दार नव्या करारांचे. त्यासाठी पैसा हवा आणि विश्वास हवा. दुसरी गोष्ट त्याने आधीच खर्चून टाकली होती. दुसरे दार अदलाबदलीचे. २ एप्रिल १९७६ रोजी त्याने रेजी जॅक्सन आणि केन होल्ट्झमन यांना बाल्टिमोरला देऊन डॉन बेलर, माइक टोरेझ आणि पॉल मिचेल घेतले. कागदावर सौदा उत्तम. पण ज्याचा करार संपतो आहे त्याला देऊन तसाच दुसरा घेतला, तर हाती एका हंगामाचे भाडेच येते. वर्षाअखेर जॅक्सन बाल्टिमोर सोडून गेला आणि बेलर ओकलंड.
उरले तिसरे दार: रोख विक्री.

११/
आयुक्त बोवी कून याने १७ जूनला सुनावणी घेतली आणि १८ जूनला तिन्ही सौदे रद्द केले. कारण दिले 'बेसबॉलचे हित': अशा विक्रीने श्रीमंत संघ आणखी बलाढ्य होतील, लढतीतील समतोल बिघडेल आणि लोकांचा खेळावरील विश्वास उडेल. फिनलेचा युक्तिवाद होता की बेब रूथपासून मॅकच्या ताऱ्यांपर्यंत विक्री नेहमीच चालत आली. विकू दिले नाही तर हे खेळाडू फुकट जातील. आणि मिळालेल्या पैशातून नवा संघ बांधता येईल. दोघांचे आधीच वैर होते. १९७५ मध्ये कूनला पदावरून हटवण्याच्या प्रयत्नांत फिनले आघाडीवर होता. निर्णयात त्या वैराचा अंश नव्हता असे मानणे कठीण आहे. फिनले पैसा संघावर खर्च करील, यावर विश्वास ठेवणेही तितकेच कठीण होते, हे कूनच्या बाजूने म्हटले पाहिजे.

१२/
चिडलेल्या फिनलेने तिघांनाही मैदानावर उतरू दिले नाही. जवळजवळ दोन आठवडे ओकलंड तीन खेळाडू कमी घेऊन खेळला. शेवटी सहकाऱ्यांनीच संपाचा ठराव केला, तेव्हा २७ जूनला सामन्याच्या तोंडावर तो नमला. त्या हंगामात ओकलंड गटात दुसरा आला. पहिल्या क्रमांकाच्या कॅन्सस सिटीपेक्षा तो केवळ अडीच सामन्यांनी मागे होता.

१३/
सर्वांत विचित्र दैव विडा ब्लूचे. यांकीजना तो करारबद्ध हवा होता, म्हणून विक्रीच्या आधी फिनलेने त्याची तीन वर्षांच्या करारावर सही घेतली. सौदा रद्द झाला. सही मात्र कायम राहिली. सही न केलेले सुटले आणि ज्याला ओकलंड सर्वाधिक नकोसे झाले होते तो अडकला.

१४/
हंगाम संपला आणि रूडी, बेलर, बँडो, कॅम्पानेरिस, टेनेस, फिंगर्स असे सहा जण निघून गेले. विक्रीतून एक डॉलरही मिळाला नाही. १९७७ मध्ये ओकलंड ६३ विजयांसह गटात तळाशी आला. त्याच वर्षी जन्मलेला सिअ‍ॅटलचा संघसुद्धा ६४ जिंकून त्याच्या वर होता. समतोल राखण्यासाठी दिलेल्या निर्णयाने जगज्जेता संघ एका वर्षात भुईसपाट झाला. न्यायालयाने १९७७ मध्ये आणि अपिलात १९७८ मध्ये कूनचा अधिकार मान्य केला. अधिकार होता, यात शंका नाही; शहाणपण होते का, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता.

१५/
या धुमश्चक्रीत फिनलेने एक सूचना केली होती, जी मालकांनी हसण्यावारी नेली: दर वर्षी सर्वच खेळाडूंना मोकळे करा. खेळाडू संघटनेचा प्रमुख मार्व्हिन मिलर याला धास्ती होती ती याच सूचनेची. एकदम शेकडो खेळाडू बाजारात आले तर भाव कोसळणार, हे तो जाणून होता. जुलै १९७६ च्या करारात सहा वर्षांच्या सेवेनंतरच मोकळीक ठरली. दर वर्षी थोडेच खेळाडू मोकळे होऊ लागले आणि त्यांचे भाव चढत गेले. मालकांनी आपल्यातला सर्वांत नावडता माणूस ऐकला नाही, आणि त्याची किंमत ते पुढे मोजत राहिले.

१६/
१७ एप्रिल १९७९ रोजी ओकलंडच्या सामन्याला नोंदवलेली उपस्थिती होती ६५३. पुढच्या वर्षी फिनलेने संघ लेव्ही स्ट्रॉस कंपनीच्या हास कुटुंबाला १ कोटी २७ लाख डॉलरांना विकला. जाताना त्याच्या नजरेने हेरलेला शेवटचा हिरा संघातच होता: रिकी हेंडरसन, ज्याने १९८० मध्ये १०० 'बेस' चोरले.

१७/
हेंडरसनच्या मोकळिकीला एक वर्ष उरले असताना, डिसेंबर १९८४ मध्ये, नव्या मालकांनी त्याला यांकीजला देऊन पाच तरुण खेळाडू घेतले. त्यांत एरिक प्लंक हा पिचर होता. जून १९८९ मध्ये ओकलंडने हेंडरसनला परत आणले. बदल्यात दिलेल्या तिघांत हाच प्लंक होता. त्या वर्षी ओकलंड जगज्जेता झाला. हंगामाअखेर हेंडरसन मोकळा झाला, तेव्हा मालकांनी त्याच्याशी चार वर्षांचा नवा करार केला. रक्कम होती १ कोटी २० लाख डॉलर, म्हणजे नऊ वर्षांपूर्वी अख्खा संघ ज्या किमतीला घेतला होता, त्याहून जेमतेम सात लाख कमी.