विद्युतभारित थेंबाचा प्रवास : कारखाना, शेत आणि घर

प्रस्तावना

घरगुती वापरातील फवाऱ्याचा डबा हा इतिहासाच्या अभ्यासकाने हाती घ्यावा असा विषय सकृद्दर्शनी वाटत नाही. राजवटी, चळवळी आणि आर्थिक धोरणे यांच्या तुलनेत तो क्षुल्लक भासतो. तथापि तंत्रज्ञानाच्या इतिहासात क्षुल्लक वस्तूच पुष्कळदा मोठे प्रश्न उभे करतात. द्रवाच्या थेंबांना विद्युतभार दिला असता ते एकमेकांपासून दूर पसरतात आणि समोरच्या वस्तूकडे ओढले जातात, याची चाहूल युरोपातील प्रयोगकर्त्यांना अठराव्या शतकातच लागली होती. कारखान्यात या तत्त्वाचा उपयोग १९४० च्या दशकात स्थिरावला आणि १९७० च्या दशकात ते शेतीच्या फवारणीत आले. घरातील डब्यापर्यंत मात्र ते विसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस पोहोचले. हा विलंब कशामुळे झाला?

तांत्रिक अडचण हे या प्रश्नाचे रूढ उत्तर आहे. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. वाया गेलेल्या थेंबाची किंमत ज्याच्या हिशेबाच्या वहीत दिसत होती, त्याच्याकडे हे तंत्र आधी गेले, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. घरात वाया जाणारा थेंब कोणाच्याही वहीत नोंदला जात नव्हता. तो भिंतीवर, अन्नावर किंवा श्वासावाटे फुप्फुसात जात होता.

प्रयोगशाळेतील पूर्वेतिहास

फ्रेंच धर्मगुरू व प्रयोगकर्ता झां-आंत्वान नोले याने १७४० च्या दशकात बारीक नळीतून ठिबकणाऱ्या पाण्याला विद्युतभार दिला, तेव्हा ते तुटक थेंबांऐवजी सूक्ष्म धारांच्या रूपाने फाकू लागले. त्या काळी विद्युत हा दिवाणखान्यातील करमणुकीचाही विषय होता आणि नोले त्यातील कुशल प्रदर्शक म्हणून प्रसिद्ध होता. या निरीक्षणामागील गणित पुढे १८८२ मध्ये लॉर्ड रॅले यांनी मांडले. थेंबावरील विद्युतभार त्याला फोडू पाहतो आणि पृष्ठताण त्याला एकत्र धरून ठेवतो. भार एका मर्यादेपलीकडे गेला की थेंब अस्थिर होतो. ही मर्यादा त्रिज्येच्या घनाच्या वर्गमूळानुसार बदलते. त्रिज्या निम्मी केली तर थेंबाचे वजन आठपट घटते, पण तो धारण करू शकणारा भार केवळ २.८ पटीने घटतो. परिणामी लहान थेंब आपल्या वजनाच्या मानाने अधिक भार वाहू शकतो. सूक्ष्म फवारा आणि स्थितिक विद्युत यांची जोडी जमण्याचे मूळ कारण हे आहे.

असा थेंब जमिनीशी विद्युतसंपर्क असलेल्या वस्तूजवळ आला की वस्तूच्या पृष्ठभागावर विरुद्ध भार प्रवर्तित होतो आणि थेंब खेचला जातो. तो केवळ समोरच्या बाजूवरच बसतो असे नाही, तर वळसा घालून मागच्या बाजूवरही बसू शकतो. एरवी केवळ वाऱ्याच्या झोताने जाणारा थेंब हे क्वचितच करतो.

कारखान्यातील हिशेब

अमेरिकेतील इंडियानापोलिस येथील हॅरॉल्ड रॅन्सबर्ग यांच्या कुटुंबाचा घरगुती वस्तू तयार करण्याचा व्यवसाय होता. रंगाच्या पिचकारीतून निघालेल्या रंगाचा मोठा भाग वस्तूवर न बसता हवेत उडून जातो, हे तिथे रोज दिसत असे. रॅन्सबर्ग यांच्या पहिल्या पद्धतीत वस्तू उच्च विद्युतदाबाच्या तारांमधून सरकत जाई आणि साध्या पिचकारीतून आलेले थेंब वाटेत विद्युतभारित होऊन तिच्यावर बसत. नंतरच्या पद्धतीत फिरत्या चकतीच्या किंवा घंटेच्या आकाराच्या पात्राच्या कडेवरून विद्युतबलानेच रंगाचे थेंब तयार होऊ लागले. मोटारगाड्या, शीतकपाटे आणि लोखंडी फर्निचर यांच्या रंगकामात या पद्धतीचे वंशज आजही वापरात आहेत. रंग विकत घेणारा आणि वाया घालवणारा मालक एकच असल्याने तिचा स्वीकार होण्यास फारशी अडचण आली नाही.

डब्याची स्वतंत्र वाट

घरातील फवाऱ्याचा इतिहास याला समांतर, पण वेगळ्या वाटेने गेला. स्टँडर्ड ऑइल ऑफ न्यू जर्सी या कंपनीने १९२३ मध्ये बाजारात आणलेल्या 'फ्लिट' या कीटकनाशकाबरोबर हातपंप आला. मराठी घरांतही जुन्या पिढीच्या तोंडी 'फ्लिटचा पंप' हा शब्द द्रव कोणत्याही कंपनीचा असला तरी रुळला होता. त्याच दशकात, १९२६ मध्ये, नॉर्वेचे अभियंता एरिक रोथाइम यांनी दाबाखालील वायूने द्रव बाहेर फेकणाऱ्या बंद डब्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्याला व्यावहारिक रूप दिले ते युद्धाने. अमेरिकी कृषी खात्यातील लायल गुडह्यू आणि विल्यम सलिव्हन यांना १९४३ मध्ये ज्या डब्याचे पेटंट मिळाले, त्यात शेवंतीच्या कुळातील फुलांपासून काढलेले पायरेथ्रम, फ्रिऑन वायू आणि चक्क तिळाचे तेल होते. तिळाच्या तेलाने पायरेथ्रमचा प्रभाव वाढतो हे त्यापूर्वी थोडेच दिवस आधी लक्षात आले होते. हिवतापाच्या प्रदेशांत लढणाऱ्या सैनिकांना असे डबे कोट्यवधींच्या संख्येने पुरवण्यात आले. रॉबर्ट ॲबप्लानाल्प यांच्या १९५३ मध्ये पेटंट मिळालेल्या स्वस्त झडपेने तोच डबा किराणा दुकानात आणला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. युद्धातील डबा बंद तंबूतील किंवा विमानातील हवा कीटकनाशकाने भारून टाकण्यासाठी बनवला होता. थेंब शक्य तितका वेळ हवेत तरंगावा, हेच त्याचे यश होते. तोच डबा जेव्हा माणसे जेवतात आणि झोपतात त्या खोलीत आला, तेव्हा हा निकष कोणी बदलला नाही. पुढे रोलंड आणि मोलिना यांनी १९७४ मध्ये ओझोनच्या थरास असलेला धोका दाखवून दिल्यावर डब्यावर मोठा वाद झाला. अमेरिकेने १९७८ मध्ये बहुतेक फवाऱ्यांतील क्लोरोफ्लुरोकार्बनवर बंदी घातली. पण तो वाद डब्यातील वायूविषयी होता. खोलीत किती थेंब कोठे बसतात, हा प्रश्न त्यातही बाजूलाच राहिला. डब्यांत मात्र ब्यूटेन-प्रोपेनसारखे ज्वलनशील वायू आले आणि याचा परिणाम पुढे विद्युतभाराच्या प्रयोगांवर होणार होता.

शेतातील दोन प्रयोग

जॉर्जिया विद्यापीठातील एडवर्ड लॉ यांनी १९७० च्या दशकात हवेच्या झोतावर चालणाऱ्या तोटीतच प्रवर्तनाने थेंबाला भार देणारी रचना केली. तिचे पेटंट १९७७ मध्ये मिळाले. हवेचा झोत थेंबाला पानांच्या दाटीत ढकलतो आणि तेथे पोहोचल्यावर विद्युतभार त्याला पानाच्या खालच्या बाजूवरही बसवतो. ही कामाची विभागणी महत्त्वाची ठरली.

ब्रिटनमधील आयसीआय कंपनीचे रोनाल्ड कॉफी यांनी त्याच सुमारास अगदी उलट मार्ग निवडला. त्यांच्या 'इलेक्ट्रोडाइन' या हातयंत्रात झोत नव्हता, पंप नव्हता आणि हलणारा एकही भाग नव्हता. विजेरीचे चार सेल सुमारे २५ हजार व्होल्टचा दाब निर्माण करीत आणि तेलमिश्रित औषध केवळ विद्युतबलाने थेंबांत विभागले जाई. हेक्टरी अर्धा लिटर द्रव पुरेसा होता आणि पाणी लागतच नव्हते. आफ्रिकेतील कापूस उत्पादक लहान शेतकऱ्यासाठी याहून अनुरूप साधन कल्पिता येणार नाही. तरीही ते टिकले नाही. झोताचे पाठबळ नसल्याने भारित थेंब सर्वांत जवळच्या, म्हणजे शेंड्याच्या पानांवरच बसत आणि झाडाच्या आतील भाग कोरडा राही. दुसरे कारण अधिक बोलके आहे. औषधाची बाटली आणि तोटी एकसंध होती ('बॉटल' आणि 'नॉझल' यांच्या संयोगातून तिला 'बॉझल' असे नाव पडले) आणि ती भरून देणारी कंपनी एकच होती. शेतकऱ्याने यंत्र घेतले की औषधाची निवड त्याच्या हातून गेली. प्रस्तुत लेखकाच्या मते इलेक्ट्रोडाइनचे अपयश भौतिकशास्त्राचे जितके, तितकेच मालकीहक्काचे आहे.

भरकटणारा थेंब कोणाच्या अंगावर जातो, हे महाराष्ट्राला वेगळे सांगण्याची गरज नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले. स्थितिक विद्युत हे त्यावरचे रामबाण औषध होते, असा दावा करणे भाबडेपणाचे ठरेल. फवारणी करणारा माणूसही जमिनीवर उभा असतो आणि विद्युतभारित थेंब पान व माणूस यांत भेद करीत नाही. मजुरीवर फवारणी करणाऱ्याच्या बाबतीत तर थेंबाची किंमत एकाची आणि शरीर दुसऱ्याचे असते.

घरातील डबा

घरगुती डब्यात ना सेल बसवता येत, ना उच्च दाबाची तार. किंमत तर काही रुपयांनी वाढली तरी ग्राहक दुसरा डबा उचलतो. साउथहॅम्प्टन विद्यापीठातील जॉन ह्यूज व त्यांचे सहकारी आणि रेकिट अँड कोलमन ही कंपनी यांच्या १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातील संशोधनाने या अडचणीतून सुटकेचा एक मार्ग काढला. कोणताही द्रव अरुंद छिद्रातून वेगाने जाताना छिद्राच्या भिंतीशी भारांची देवाणघेवाण करतो. म्हणजे साधा डबाही थेंबांना थोडा विद्युतभार देतच असतो. तो वाढवायचा, तर द्रवाचा व भिंतीचा संपर्क वाढवला पाहिजे. म्हणून छिद्राचे क्षेत्रफळ फारसे न वाढवता त्याचा परिघ वाढवण्यात आला, झडपेची रचना बदलण्यात आली आणि द्रवाच्या घटकांत फेरफार करण्यात आले. वीज कोठूनही आणली नाही. जी होती ती वाढवली. या संपूर्ण इतिहासातील ही सर्वांत सुंदर युक्ती म्हणावी लागेल.

उद्दिष्ट होते दर किलोग्रॅम द्रवामागे एका कूलोमच्या दहाहजाराव्या भागाइतका विद्युतभार. साध्या डब्यातील भार सामान्यतः याच्या दहाव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी असतो. एवढा भार असलेल्या थेंबावर दर सेंटिमीटरला सुमारे एक हजार व्होल्टच्या क्षेत्रात त्याच्या वजनाइतके बल कार्य करते. उडत्या कीटकांवरील प्रयोगांत भारित फवाऱ्याची परिणामकारकता वाढल्याचे या गटाने २००१ मध्ये प्रसिद्ध केले. खोलीतील तरंगती धूळ अशा थेंबांनी लवकर खाली बसते, असे २००३ च्या शोधनिबंधात दाखवण्यात आले.

मग विद्युतभार आणखी का वाढवू नये? थेंबांवर जितका भार जातो तितकाच विरुद्ध भार डब्यावर राहतो आणि तो हातातून, शरीरातून जमिनीत जातो. रबरी तळव्यांच्या चपला घातलेल्या माणसाने दोन ग्रॅम द्रव फवारला, तर वरील प्रमाणाने ढोबळ हिशेब करता त्याच्या शरीरावर सुमारे १३०० व्होल्टचा दाब आणि ०.१३ मिलिज्यूल ऊर्जा साठू शकते. प्रोपेन व हवेचे मिश्रण पेटण्यास किमान सुमारे ०.२५ मिलिज्यूल लागतात. विद्युतभार दुप्पट केला तर ऊर्जा चौपट होते, म्हणजे ही सीमा ओलांडली जाते. ओझोन वाचवण्यासाठी स्वीकारलेल्या वायूने घरातील विद्युतभाराला अशी मर्यादा घातली.

महासाथीनंतर

२०२० मध्ये कोविडच्या साथीत स्थितिक विद्युत फवारणी एकाएकी सर्वतोमुखी झाली. चंदीगड येथील सीएसआयआरच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेने निर्जंतुकीकरणासाठी १० ते २० मायक्रोमीटरचे विद्युतभारित थेंब निर्माण करणारे यंत्र विकसित केले आणि त्याचे तंत्रज्ञान नागपूरच्या एका कंपनीकडे सोपवले. त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने बंदिस्त जागेत पृष्ठभागांवर जंतुनाशक नित्य फवारू नये, असा सल्ला दिला होता. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने विद्युतभारित फवारणीसाठी ४० मायक्रोमीटर व त्याहून मोठ्या थेंबांची अट पुढे केली. थेंब जितका लहान, तितका तो वजनाच्या मानाने अधिक भार वाहतो हे रॅले यांचे गणित आणि थेंब जितका लहान, तितका तो श्वासमार्गात खोल जातो हे वैद्यकाचे निरीक्षण, ही दोन्ही येथे समोरासमोर आली. साधी पिचकारी, हातपंप किंवा युद्धातील डबा यांच्या वेळी थेंबाच्या आकाराला श्वासाच्या बाजूने अशी अट घालणारे कोणी नव्हते.