दिवाणखान्यातले गणकयंत्र

सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत "जगातील पहिला संगणक कोणता?" हा प्रश्न हमखास असतो आणि त्याचे उत्तर 'एनियाक, अमेरिका, १९४६' असे छापलेले असते. विद्यार्थी ते पाठ करतात, आम्ही शिक्षक त्याला एक गुण देतो आणि विषय तेथेच संपतो. परंतु इतिहास शिकविणाऱ्याला 'पहिला' या शब्दाची नेहमीच थोडी धास्ती वाटते. एनियाकच्या आठ वर्षे आधी बर्लिन शहरात, एका टपाल कर्मचाऱ्याच्या राहत्या घरात, त्याच्या मुलाने दिवाणखाना अडवून एक यंत्र उभे केले होते. त्या मुलाचे नाव कोनराड झूसे. त्याच्यामागे ना विद्यापीठ होते ना सरकार. होता तो केवळ खटपट करण्याचा नाद, आणि हा नाद त्याला मरेपर्यंत सुटला नाही.

झूसेचा जन्म २२ जून १९१० रोजी बर्लिन येथे झाला. लहानपणी पट्ट्या, स्क्रू व चाके जोडून याऱ्या, पूल वगैरे बनविण्याचा त्याला छंद होता. चित्रकलेचाही तितकाच नाद. पुढे काय शिकावे याविषयी त्याचे मन बरेच दिवस हेलकावे खात होते. अखेर त्याने बर्लिनच्या तांत्रिक महाविद्यालयातून स्थापत्यशास्त्र घेतले व १९३५ साली पदविका मिळविली. इमारतीचा वा पुलाचा भार किती हे काढावयाचे तर एकाच प्रकारची गणिते कोष्टके आखून शेकडो वेळा करावी लागतात. झूसेला याचा मनस्वी कंटाळा. मी आळशी होतो म्हणूनच गणकयंत्र केले, असे तो पुढे गमतीने सांगत असे. आळशी मुलांनी हे वाक्य आपल्या वडिलांना ऐकविण्यापूर्वी पुढचा मजकूर वाचावा!

हेन्शेल या विमानाच्या कारखान्यात त्याला चांगली नोकरी लागली होती. ती त्याने थोड्याच अवधीत सोडली आणि घरी येऊन सांगितले की, मला यंत्र बनवावयाचे आहे. आपल्याकडे अशा वेळी घरात काय बोलणे झाले असते ते मी सांगावयास नको. रेडिओ उघडून बसलेल्या मुलाला आपण "बिघडवून ठेवशील, अभ्यासाला बस" म्हणून उठवितो. येथे तर लागलेली नोकरी सोडलेली. झूसेच्या आईवडिलांना हे पसंत नव्हते, पण त्यांनी घरातील सर्वांत मोठी खोली त्याला दिली. बहिणीने व कॉलेजातील मित्रांनी थोडेथोडे पैसे दिले. गणनयंत्रे बनविणाऱ्या एका कारखानदाराकडे तो गेला तेव्हा त्याने आधी सांगितले की, या क्षेत्रात शोध लावण्यासारखे आता काही उरलेले नाही. त्याच गृहस्थाने पुढे पैशाची मदत केली, ही गोष्टही नमूद करावयास हवी.

१९३६ ते १९३८ अशी दोन वर्षे हे काम चालले. मित्र येत, पातळ पत्रे घेऊन नक्षीकामाच्या बारीक करवतीने त्यांचे हजारो तुकडे कापून देत. त्या काळच्या गणनयंत्रांत शून्य ते नऊ आकड्यांची दातेरी चाके असत. झूसेने ती वाट सोडली. त्याने पत्र्याच्या पट्ट्या अशा रचल्या की पट्टी सरकली तर एक, न सरकली तर शून्य. सर्व संख्या या दोन चिन्हांत लिहिता येतात हे जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निट्झ याने १७०३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले होते. ती दोनशे वर्षांपूर्वीची विद्या या तरुणाने पत्र्यात उतरविली. यंत्र फिरविण्यासाठी व्हॅक्यूम क्लीनरची विजेची मोटार बसविली. आज्ञा देण्यासाठी ३५ मिलिमीटरची टाकाऊ सिनेमाची फीत घेऊन तीत भोके पाडली. ही युक्ती त्याचा मित्र हेल्मूट श्रायर याची, कारण श्रायर सिनेमाची यंत्रे चालवीत असे. अशा रीतीने आकडे साठविणारा भाग वेगळा, गणित करणारा भाग वेगळा आणि आज्ञा फितीवर, ही संगणकाची मूळ रचना एका घरगुती खोलीत सिद्ध झाली. यंत्राचे वजन सुमारे १,००० किलो भरले. त्यालाच आज झेड-१ म्हणतात.

मात्र झेड-१ नीट चालले नाही. साठवणीचा भाग चांगला काम करी, पण गणिताच्या भागात पट्ट्या अडकून बसत. तेव्हा झूसेने टेलिफोनमधील जुने रिले मिळवून दुसरे यंत्र केले. रिले म्हणजे विजेने उघडझाप करणारी कळ. त्याचा भरवसा वाटल्यावर तिसरे यंत्र, झेड-३, दोन हजारांहून अधिक रिले वापरून तयार झाले व १२ मे १९४१ रोजी काही शास्त्रज्ञांना ते चालवून दाखविण्यात आले. एक गुणाकार करण्यास त्याला सुमारे तीन सेकंद लागत. फितीवरील आज्ञांनुसार आपोआप चालणारा जगातील पहिला कार्यक्षम गणक म्हणून आज अनेक अभ्यासक या यंत्राकडे बोट दाखवितात. इंग्लंडचे कोलोसस व अमेरिकेतील अटानासॉफ यांचे यंत्र यांचेही दावे आहेत. विजेच्या नळ्यांवरचे म्हणावे तर उत्तर एक येते, फितीवर चालणारे म्हणावे तर दुसरे. तेव्हा त्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात निदान दोन ओळी वाढवावयास हव्यात, असे माझे मत आहे.

येथे एक कटू गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे इतिहासकाराला शोभणार नाही. हे सर्व हिटलरच्या जर्मनीत घडत होते. झूसेला सैन्यात बोलावले गेले व काही महिन्यांनी हेन्शेलमध्ये कामाला सोडण्यात आले. तेथे एचएस-२९३ नावाचा, विमानातून सोडावयाचा बाँब बनत असे. त्याच्या पंखांतील बारीक चुकांचे हिशेब करण्यासाठी झूसेने खास यंत्रे बनविली. बर्लिनच्या त्याच शहरातून ज्यू शेजारी उचलले जात होते. छंदात बुडालेला माणूस भोवतालच्या अन्यायाकडे पाठ फिरवू शकतो, हे झूसेच्या चरित्रातही दिसते. त्याच्या कौतुकासाठी ते झाकून ठेवणे मला पटत नाही.

ज्या राजवटीसाठी ही कामे होत होती, तिला त्या यंत्राची खरी किंमत कधी कळलीही नाही. श्रायरने रिलेऐवजी नळ्या वापरून कितीतरी जलद यंत्र बनविण्याची योजना मांडली. त्यास दोन वर्षे लागतील असे कळताच, तोवर युद्ध जिंकलेले असेल, असे उत्तर आले, अशी आठवण सांगितली जाते. पुढे १९४३-४४ च्या बाँबवर्षावात झेड-१ व झेड-३ दोन्ही नष्ट झाली. झेड-१ चे आराखडेही गेले. उरले होते ते झेड-४. ते १९४५ च्या प्रारंभी रेल्वेने बर्लिनबाहेर काढून अखेर बव्हेरियाच्या डोंगरातील हिंटरश्टाइन गावी नेऊन लपविले. युद्धानंतर जर्मनीत खायला मिळण्याची पंचाईत. तेव्हा झूसेने लाकडी ठशांची चित्रे विकून घर चालविले. लहानपणचा दुसरा छंद असा कामी आला.

१९४९ साली झुरिचच्या तांत्रिक विद्यापीठातील प्राध्यापक श्टीफेल यांनी त्या खेड्याच्या बाजूला येऊन यंत्राची परीक्षा घेतली व ते पसंत केले. १९५० पासून १९५५ पर्यंत झेड-४ ने झुरिचला भाड्याने काम केले. त्याच सुमारास झूसेने कंपनी काढली; काही वर्षे ती बरी चालली, नंतर पैसा अपुरा पडून ती दुसऱ्यांच्या हाती गेली.

झेड-३ च्या पेटंटसाठी झूसेने १९४१ साली अर्ज केला होता. त्याचा निकाल १९६७ साली, म्हणजे २६ वर्षांनी लागला. यंत्र नवे आहे व उपयोगी आहे हे न्यायालयाला अमान्य नव्हते. पण पेटंट देण्याइतकी त्यात शोधाची उंची नाही, असे म्हणून अर्ज फेटाळण्यात आला. तोपर्यंत जगभर तशाच रचनेची यंत्रे हजारोंनी चालू होती. एखाद्याने कोर्टाच्या नावाने बोटे मोडत उरलेले आयुष्य काढले असते.

झूसेने काय केले? १९८६ साली, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, त्याने जळून गेलेले झेड-१ पुन्हा बनवावयास घेतले. मध्येच त्याला हृदयविकाराचा झटका आला. बरा होऊन तो परत कामाला लागला. आता त्याला मदत करणारे विद्यार्थी होते आणि पैसाही होता. सुमारे आठ लाख मार्क खर्च आला. १९८९ साली यंत्र पूर्ण झाले व बर्लिनच्या तंत्र-संग्रहालयात बसविण्यात आले. पन्नास वर्षांपूर्वीप्रमाणेच त्याच्याही पट्ट्या मधून मधून अडकत. त्यानंतर झूसे एका नव्याच वस्तूमागे लागला: पवनचक्कीसाठी हवे तेव्हा उंच होणारा व हवे तेव्हा खाली दुमडणारा मनोरा. १८ डिसेंबर १९९५ रोजी, पंच्याऐंशीव्या वर्षी त्याचे निधन झाले. त्याचे झेड-४ म्युनिकच्या संग्रहालयात पाहावयास मिळते.