चार पोरं, दोन लाख डॉलर आणि एक कमांड

आमच्या बजाजनगरात भाडेकरू पुष्कळ. वाळूजच्या कंपन्यांत कामाला आलेल्या माणसाला एक गोष्ट लगेच कळते: घरमालकानं खोली रिकामी करायला सांगितली की सामान उचलायचं. इंटरनेटवर हे आपल्याला कळलं ३० सप्टेंबर २०१४ ला. गूगलनं ऑर्कुट बंद केलं! स्क्रॅप आणि फोटो उतरवून घ्यायला मुदत मिळाली, पण घर गेलं ते गेलंच.

गंमत म्हणजे यावरचा उपाय २०१० मध्येच निघाला होता. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या चार पोरांनी 'डायस्पोरा' जाहीर केलं. कल्पना साधी. एकच मोठा मालक नको. ज्याला जमेल त्यानं आपल्या लिनक्स सर्व्हरवर छोटा 'पॉड' चालवायचा आणि सगळ्या पॉडांनी एकमेकांशी बोलायचं. त्यांनी मागितले १०,००० डॉलर, लोकांनी दिले दोन लाखांवर!

पण घोडं अडलं इन्स्टॉलेशनपाशी. प्रोग्रॅम रुबी ऑन रेल्समधला. रुबीची नेमकी आवृत्ती, ढीगभर जेम्स, डेटाबेस, रेडिस, वर सर्टिफिकेट... एक जेम पुढेमागे झाला की सगळं ठप्प. असली कामं आपण पगार घेऊन करतो हो, बाकीच्यांनी कशाला करावीत? ऑगस्ट २०१२ मध्ये संस्थापकांनी प्रकल्प स्वयंसेवकांच्या हवाली केला.

पुढचं किचकट काम आपल्याकडच्या लोकांनी अंगावर घेतलं. डेबियनचे विकासक प्रवीण अरिम्ब्रतोडियिल आणि त्यांच्या सोबत्यांनी एकेक जेम डेबियनच्या पॅकेजात बसवला. त्यातून 'डायस्पोरा-इन्स्टॉलर' आलं. एक ॲप्ट कमांड दिली, डोमेनचं नाव सांगितलं, की बाकीची बरीचशी जुळणी ते करायचं.

म्हणजे प्रश्न सुटला? छे! नोव्हेंबर २०१९ मध्ये वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं निलंबित झालं आणि बरेच भारतीय चिडून मॅस्टोडॉनवर गेले. तेही स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं. पण बहुतेकांनी दुसऱ्याच्याच सर्व्हरवर खातं उघडलं. थोडक्यात, घरमालक बदलला :-)

असो. मला यातून एवढंच दिसतं की लायसन्स मोफत असलं तरी सर्व्हर राबवून घेतो. दर आठवड्याला अपडेट, रोज बॅकअप, आणि तो बॅकअप परत उतरतो का याची अधूनमधून खात्री. हे एकट्याचं काम नाही. मित्रांच्या टोळक्यात रूट पासवर्ड निदान दोघांकडे हवा. एक गावाला गेला तर दुसरा आहेच! तेवढी दोन माणसं तुमच्याकडे असतील, तर करा सुरुवात.