मोठेपणी दातांना तारा लावताय? डॉक्टर निवडण्याआधी एवढं तपासा

जोगेश्वरीत स्टेशनपासून बेहरामबागेपर्यंत दातांच्या दवाखान्यांची कमतरता नाही. अडचण आहे ती निवडीची. दाढ दुखली की जवळचा डॉक्टर गाठला, काम झालं. पण वाकडे दात सरळ करणं हे एका दिवसाचं काम नाही. साधारण दीड ते दोन वर्षं, दर महिना-दीड महिन्याला फेरी, आणि पैसे हप्त्याहप्त्याने. मध्येच डॉक्टर बदलायची वेळ आली तर पैसा जातो, वेळ जातो आणि दात अर्धवट सरकलेले राहतात. म्हणून पहिला हप्ता देण्याआधीच चौकशी करायला हवी.

डॉक्टर कोण आहे, हे आधी पाहा

कायद्यानुसार राज्याच्या दंत परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय कुणालाही दातांवर उपचार करता येत नाहीत. आपल्याकडे ही नोंदणी महाराष्ट्र स्टेट डेंटल कौन्सिलकडे होते. दवाखान्यात नोंदणी क्रमांक विचारा आणि कौन्सिलकडे खात्री करून घ्या. कवळी बनवणारा टेक्निशियन कारागीर म्हणून कितीही चांगला असला तरी तो डॉक्टर नाही.

बीडीएस ही दंतवैद्यकाची मूळ पदवी. इंटर्नशिप धरून पाच वर्षांची. त्यानंतर तीन वर्षं फक्त दात आणि जबड्याची ठेवण सुधारण्याचं शिक्षण घेतलेला डॉक्टर म्हणजे ऑर्थोडॉन्टिक्स विषयातला एमडीएस. पाटीवर नुसतं ‘एमडीएस’ असेल तर विषय विचारा. हिरड्यांचा एमडीएस वेगळा, रूट कॅनलचा वेगळा. चार दिवसांच्या कोर्सचं सर्टिफिकेट भिंतीवर टांगलेलं असलं म्हणून तो ऑर्थोडॉन्टिस्ट होत नाही.

गल्लीतल्या बऱ्याच दवाखान्यांत ऑर्थोडॉन्टिस्ट रोज बसत नाही, ठरलेल्या दिवशी येतो. त्यात काही चूक नाही. पण त्याचं नाव, नोंदणी आणि येण्याचे दिवस विचारून घ्या. तारा कोण लावणार, दर वेळी कोण तपासणार आणि तो यायचा थांबला तर पुढे काय, ही उत्तरं आधीच मिळायला हवीत.

आधी तपासणी, मग किंमत

खुर्चीत बसल्याबरोबर पॅकेजचा आकडा सांगणारा डॉक्टर घाई करतोय असं समजा. मोठ्या माणसाच्या जबड्याची वाढ थांबलेली असते. काही दाढा पडलेल्या, काहींवर कॅप, हिरड्या सैल झालेल्या. म्हणून ओपीजी हा पूर्ण तोंडाचा एक्स-रे, डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे, दातांचे साचे किंवा स्कॅन आणि फोटो हे सगळं पाहूनच उपचार ठरतो.

हिरड्यांतून रक्त येत असेल तर आधी त्यांचा इलाज. सुजलेल्या, रोगट हिरड्यांवर दात सरकवले तर दातांना धरून ठेवणारं हाड आणखी झिजतं आणि सरळ झालेला दात हलायला लागतो. डायबिटीस, रक्त पातळ करणाऱ्या किंवा हाडांच्या ठिसूळपणाच्या गोळ्या चालू असतील तर लपवू नका. गुटखा-सुपारीचंही तसंच. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण सवय घरोघरी राहिलीच. तोंड पूर्वीसारखं उघडत नसेल तर तारांचा विचार बाजूला ठेवून आधी तेच दाखवा.

निकाह तोंडावर आला म्हणून घाई नको

मुलीचं किंवा मुलाचं लग्न ठरलं, चार-सहा महिने उरले, की ‘लवकर सरळ करून द्या’ असा आग्रह होतो. अशा वेळी काही ठिकाणी चांगले दात घासून बारीक करून वर कॅप किंवा व्हिनिअर बसवण्याचा सल्ला मिळतो. घासलेलं दाताचं आवरण पुन्हा उगवत नाही आणि कॅप काही वर्षांनी बदलावी लागते. पंचवीस वर्षांच्या पोरीला हा खर्च आणि त्रास आयुष्यभराचा. लग्नाच्या दिवशी तारा दिसल्या तर काय बिघडतं, हा प्रश्न अम्मी-अब्बांनी एकदा स्वतःला विचारावा.

सगळं कागदावर घ्या

एकूण खर्च किती, त्यात एक्स-रे, दात काढणं, तुटलेला ब्रॅकेट आणि शेवटचा रिटेनर धरलाय का, मध्येच सोडलं तर पैशांचा हिशेब कसा, हे लिहून मागा. तारा निघाल्यावर रिटेनर वापरला नाही तर दात मागे सरकतात. त्यामुळे ‘दोन वर्षांत विषय संपला’ असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. निरोगी दात काढायला सांगितला तर दुसऱ्या डॉक्टरचं मत जरूर घ्या.

पूर्ण रक्कम आगाऊ भरू नका. अमेरिकेची स्माइलडायरेक्टक्लब ही घरपोच अलायनर देणारी मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि अनेक ग्राहकांचे उपचार अर्धवट राहिले. ऑनलाइन जाहिरात पाहून अलायनर मागवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. दात सरकवताना समोर बसून तपासणारा डॉक्टर हवाच.

रोजा, वुजू आणि हाडाची पावडर

तारा आवळल्यावर दोन-तीन दिवस दात ठणकतात. रमजानमध्ये शक्यतो इफ्तारनंतरची वेळ मागा. वुजू-गुस्लबद्दल शंका असेल तर मोहल्ल्यातल्या मुफ्तीसाहेबांना विचारून घ्या. मिस्वाक जरूर करा, पण तारांमधलं अन्न काढायला खास ब्रशही लागतो. इम्प्लांट करताना हाड भरावं लागलं तर ती पावडर किंवा पडदा कशापासून बनलाय ते विचारा. काही गाईपासून तर काही डुकरापासून बनलेले असतात. कृत्रिम पर्यायही मिळतात.

खिशाला परवडणारी ठिकाणं

मुंबई सेंट्रलला पालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे आणि सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय. जोगेश्वरीहून हार्बरची गाडी थेट सीएसएमटीला जाते. दोन्हीकडे एमडीएस करणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात आणि खर्च खासगीपेक्षा बराच कमी. मात्र फेऱ्या कामाच्या दिवशी होतात, रांग असते. रोजंदारीवाल्यांनी तो हिशेब धरावा. पुण्याच्या वाचकांना आझम कॅम्पसमधलं एम. ए. रंगूनवाला दंत महाविद्यालय आहे.

फसवणूक झाली तर

पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते. सर्वोच्च न्यायालयाने हे १९९५ मध्येच स्पष्ट केलं. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. उपनगर जिल्ह्याचा ग्राहक आयोग वांद्रे पूर्वेला आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. डॉक्टरच्या वागण्याची किंवा नोंदणीची तक्रार डेंटल कौन्सिलकडे जाते. दोन्हीकडे पुरावा लागतो. तेव्हा प्रत्येक पावती, एक्स-रे आणि लिहून दिलेला प्लॅन एका फाइलमध्ये पहिल्या दिवसापासून जपून ठेवा.