चपाती कोणी आणली?

वाचकहो, आपला निमाड इतिहासात आठवला जातो तो अशीरगडासाठी, नाहीतर मुमताजमहलने शेवटचा श्वास घेतला त्या बुऱ्हाणपुरासाठी. मला आज एका साध्या चपातीची आठवण करून द्यायची आहे.

१८५७ च्या जानेवारीत निमाडच्या खेड्यांतून गव्हाच्या लहान चपात्या फिरू लागल्या. एका गावचा चौकीदार शेजारच्या गावी येई, तिथल्या चौकीदाराच्या हाती चपाती ठेवी आणि 'अशाच आणखी भाजून पुढच्या गावांना पोचव' एवढेच सांगे. कशासाठी, हे त्यालाही ठाऊक नसे. निमाडातला तेव्हाचा इंग्रज अधिकारी कीटिंग याने नोंदवून ठेवले आहे की या चपात्या इंदूरच्या दिशेने आल्या आणि १२ जानेवारीला मंडलेश्वरात वाटल्या गेल्या. इंदुरात त्या वेळी पटकीने माणसे मरत होती. म्हणून इकडे समज पसरला की चपात्या मंतरलेल्या आहेत आणि त्यांच्याबरोबर रोगराई चालत येते. उत्तर हिंदुस्थानात काहींना त्यांत धर्म बुडवण्याचा सरकारी डाव दिसला. उठाव झाल्यावर सरकारला त्यांतच कटाचा निरोप दिसू लागला. वस्तू एकच, पण ज्याच्या मनात जी भीती होती ती त्याने तिच्यात वाचली. मुळात त्या कोणी धाडल्या, याचा छडा अजून लागलेला नाही.

हे वाचताना आपल्याला मोबाइलवरचा 'पुढे पाठवा' आठवला असेल. साम्य खरेच आहे. पण एक फरक त्याहून मोठा आहे. चपाती हातातून हातात जात असे. निंबोल्यासारख्या गावी ती आली, तर अमक्या गावचा अमका घेऊन आला हे चार माणसांना दिसे. त्याला ओट्यावर बसवून पाणी देता येई आणि चार प्रश्न विचारता येत. शिवाय तिचा वेग माणसाच्या पायांएवढाच होता.

हा फरक किती महागात पडतो, ते शेजारच्या खानदेशाने पाहिले. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडे बाजार भरला होता. मुले पळवणारी टोळी आल्याचे संदेश कित्येक दिवस फिरत होते. त्या काळी देशभर पसरलेली एक चित्रफीत तर मुळात कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी बनवलेली होती. शेवटचा खुलासा कापून ती आपल्याकडे खरी म्हणून दाखवली गेली. त्या बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे आली होती. भिक्षेवर जगणारी ही भटकी मंडळी मंगळवेढ्याकडची. जमावाने त्यांना मारले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि तिथेच त्यांचा जीव घेतला. गावाने बसून 'तुम्ही कोण, कुठले?' असे विचारायची जी जागा, तिथेच हे घडले.

त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी सरकारांना निर्देश दिले. व्हॉट्सॲपनेही भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा घालायला सुरुवात केली. यंत्राला लगाम बसला. पण माणसाची जबाबदारी यंत्राकडे सोपवता येत नाही.

दुसरी बाजूही पाहा. १८५७ मध्ये सरकारला चपातीची साखळी उलगडता आली नाही. आज आपण काय पाहतो, कशावर थांबतो, कोणाशी बोलतो, याची नोंद कंपन्यांच्या यंत्रांत साठत असते आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो. केंब्रिज ॲनालिटिकाचे प्रकरण २०१८ मध्येच उघडकीस आले. भारतात ते ॲप घेणारे होते अवघे ३३५ जण. पण त्यांच्या ओळखीपाळखीतून सुमारे ५.६२ लाख भारतीयांची माहिती गेली असावी, असे फेसबुकनेच सांगितले. आपल्या मित्राने दार उघडले आणि आपले घर पाहिले गेले! तत्त्वार्थसूत्रात सत्यव्रताच्या दोषांमध्ये 'साकारमंत्रभेद' सांगितला आहे: हावभावांवरून दुसऱ्याचे मन ताडून ते उघड करणे. आज हाच दोष व्यापार झाला आहे, आणि त्याचे गिऱ्हाईक मते मागणारेही असतात.

दुसऱ्यांविषयी एवढे बोलल्यावर स्वतःचेही सांगायला हवे. २९ जानेवारी २०२० रोजी आयुष मंत्रालयाने करोनासाठी 'आर्सेनिकम अल्बम ३०' हे होमिओपॅथीचे औषध प्रतिबंधक म्हणून सुचवले. संदेश फिरता फिरता प्रतिबंधकाचे 'खात्रीचा इलाज' झाले. माझ्याच शास्त्राचे नाव होते, अभिमान वाटला, आणि एका रात्री न तपासता मीही तो पुढे पाठवला. माझा एक जुना मधुमेही रुग्ण त्या भरवशावर चार दिवस ताप अंगावर काढत घरी राहिला. 'डॉक्टरसाहेबांनी पाठवलंय' एवढेच त्याला पुरेसे होते. सुदैवाने तो वाचला. ती चपाती मी नेऊन दिली होती.

त्या वर्षी संवत्सरीला क्षमायाचनेचा तयार संदेश मी कोणालाच पाठवला नाही. त्याच्या घरी चालत गेलो, हात जोडले. तो म्हणाला, "जाऊ द्या साहेब, तुम्हाला तरी कुठे ठाऊक होतं?" तेच तर माझे चुकले होते. ठाऊक नव्हते आणि पाठवले.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो. दुसऱ्याकडून आलेले काही पुढे धाडायचे असेल तर ते कोणाकडून कळले आणि मी काय तपासले, हे खाली स्वतःच्या नावाने लिहितो. लिहिता आले नाही तर पाठवत नाही. वाचकहो, आपल्या घरातल्या मोबाइलवर आज रात्री काहीतरी येईलच. पुढे देण्याआधी एकदा विचारा: ही चपाती कोणी आणली?