'ताप' नावाचा रकाना

१९१८च्या पावसाळ्याअखेर जी साथ महाराष्ट्रात गावोगाव फिरली, तिला लोकांनी 'मानमोडी' म्हटले. माणसाला मान वर करू न देणारा हा आजार होता, आणि त्याचे चित्र शब्दातच उतरले आहे. सरकारी दप्तरात मात्र त्या साथीचे बहुतेक बळी 'ताप' या रकान्यात जमा झाले. बोलीतील या नावांचा विचार आम्ही वाङ्मयाचे अध्यापक नेहमीच करतो. पण ज्या कागदाने ती नावे पुसली त्या कागदाकडेही संहिता म्हणून पाहिले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

मुंबई इलाख्यातील खेड्यांत जन्ममृत्यूची नोंद गावकामगारांकडे असे. ती तालुक्यास, तेथून जिल्ह्यास आणि अखेरीस सॅनिटरी कमिशनरच्या वार्षिक अहवालात जाई. रकाने मोजके होते: पटकी, देवी, ताप, अतिसार-हगवण, इजा, आणि उरलेले सारे 'इतर'. पटकी आणि देवी अवघा गाव ओळखत असे. बाकीच्यासाठी लिहिणारा काही वैद्य नव्हता. हिवताप, विषमज्वर, बाळंतरोग, पुष्कळदा क्षयसुद्धा, सगळे 'ताप'च. लिहिणाऱ्याच्या अडाणीपणाला हसण्याचे कारण नाही. त्याला दिलेली शब्दसंपत्तीच तेवढी होती.

या रकान्यांवर विसंबता येत नाही, हे राज्यकर्त्यांना प्लेगने शिकवले. सप्टेंबर १८९६मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला; फेब्रुवारी १८९७मध्ये साथरोगांचा कायदा आला. घरझडत्या आणि विलगीकरण यांच्या धास्तीने लोक रोगी दडवू लागले, मृत्यूचे कारण भलतेच सांगू लागले. तेव्हा मुंबईत आठवड्याचे एकूण मृत्यू मागील वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहिले गेले. प्लेगच्या रकान्यात जे लपले होते ते बेरजेत उघडे पडले. कारण लपवता येते, प्रेत लपवणे तितके सोपे नसते.

१९१८मध्ये हाच हिशेब पुन्हा करावा लागला, आणि तो अधिक भीषण निघाला. ६ ऑक्टोबर या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. शहरात निदान नोंदवणारे शिल्लक होते. खेड्यांत गावकामगार स्वतःच अंथरुणाला खिळले, काही दगावले. नोंदवह्या कोऱ्या राहिल्या. नॉर्मन व्हाइट यांच्या १९१९च्या प्राथमिक अहवालात हिंदुस्थानातील बळींचा अंदाज सुमारे ६० लाख होता. १९२१च्या जनगणनेने जी माणसे असायला हवी होती ती नसल्याचे दाखवले, आणि पुढील अभ्यासकांनी हा आकडा पावणेदोन कोटींच्या आसपास नेला. म्हणजे मध्ये एक कोटीहून अधिक माणसांचा फरक! (आपल्या वाङ्मयेतिहासांत या वर्षाला किती ओळी मिळतात, हे वाचकांनी ताडून पाहावे.)

२००४मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. महाराष्ट्र त्याच्या पहिल्या टप्प्यातील राज्यांत होता. त्यात तीन प्रकारचे नमुने ठरले: आरोग्यसेवकाने लक्षणांवरून भरायचा, डॉक्टरांनी निदानावरून भरायचा आणि प्रयोगशाळेने तपासणीवरून भरायचा. पहिल्या नमुन्यात आपला जुना 'ताप' भेटतोच. पण आता तो सात दिवसांच्या आतला की अधिकचा, पुरळासह की रक्तस्रावासह, असे प्रश्न त्याला विचारले जातात. जुन्या वहीत 'ताप' लिहिला की चौकशी संपत असे. येथे ती तापापासून सुरू होते. हा बदल आम्हांस केवळ तांत्रिक वाटत नाही. २०२१पासून या साप्ताहिक कागदांची जागा संगणकीय मंचाने घेतली.

तरीही बेरजेची जुनी रीत सुटलेली नाही. २०२० व २०२१ या दोन वर्षांत भारतात कोविडचे अधिकृत मृत्यू पाच लाखांहून थोडे कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२मध्ये याच काळातील अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज ४७ लाख दिला, आणि भारत सरकारने त्या गणनपद्धतीवरच आक्षेप घेतला.